बुरुल आपाच्या नावावरचं आमचं घर

"आधी तिची सही घे, मग तिचा आशीर्वाद घे. उलटं केलंस तर जन्मात सही मागायला तोंड उघडणार नाही तुझं."

सासूबाई हे म्हणाल्या तेव्हा त्या कढईत कणकेचे बौरसाक तळत होत्या, आणि मी मागे उभी राहून तेलाच्या वासापासून माझ्या पोरीचं, तोगझानचं नाक झाकत होते. मी हसले. अठ्ठावीस वर्षं अल्माटीत ट्रॉलीबस चालवलेल्या बाईला परदेशातल्या घराच्या व्यवहारातलं काय कळणार, असं माझ्या मनात आलं. माझ्याकडे रसायनशास्त्राची, पहिल्या नंबरात येणाऱ्यांना देतात ती लाल पुठ्ठ्यातली पदवी आहे. शिवाय रोज दुपारी पोरगी झोपली की मी सहा आठवडे फोनवर किर्गिझांचा कायदा वाचला होता. आपण कझाक, म्हणजे तिकडे परदेशी. परदेशी माणसाच्या नावावर तिथे जमीन होत नाही. जमीन तिथल्याच कुणाच्या तरी नावावर ठेवायची आणि त्याच्याकडून एकोणपन्नास वर्षांचा भाडेपट्टा लिहून घ्यायचा. एवढं सगळं मला पाठ होतं.

"आई, हल्ली हे सगळं कागदावर होतं," मी म्हणाले.

"तेच तर सांगतेय मी." त्यांनी झारा माझ्या दिशेने हलवला. "कागदावर कर. तळहातावर करू नकोस."

घर मला नको होतं, तोगझानच्या छातीला हवं होतं. इतर गावांत हवा नुसती असते; आमच्या अल्माटीत हिवाळ्यात ती दिसते. नोव्हेंबर ते मार्च शहरावर धुराचं झाकण बसतं, समोरचे डोंगर नाहीसे होतात आणि माझी चार वर्षांची पोरगी रात्रंदिवस खोकते. सकाळी मी आधी फोनवर हवेचा आकडा बघते, मग पोरीकडे. माझा नवरा साकेन पश्चिमेला तेलाच्या विहिरींवर कामाला आहे, वीस दिवस तिकडे आणि वीस दिवस घरी. त्यामुळे माझ्या काळजीतली निम्मीच त्याच्या वाट्याला येते, आणि तेवढीही त्याला पुरून उरते.

त्या उन्हाळ्यात आम्ही सीमा ओलांडून इसिक-कुल सरोवराच्या काठी नऊ दिवस राहिलो. मी वहीत तोगझानचे खोकले लिहून ठेवले. पहिल्या दिवशी सतरा, चौथ्या दिवशी पाच, नवव्या दिवशी एकही नाही. वही साकेनपुढे ठेवली.

"उन्हाळ्यात ती आपल्याकडेही खोकत नाही," तो म्हणाला.

"दोन तरी असतातच."

"मग दोन खोकल्यांसाठी घर घ्यायचं?"

शास्त्र शिकलेल्या बाईने एवढ्या पुराव्यावर जे करू नये तेच मी केलं.

घर बुरुल आपाचं होतं. आपा त्र्याहत्तर वर्षांच्या. नवरा कधीच गेला. एकाच आवारात दोन घरं, उजवीकडे त्यांचं जुनं मातीचं, डावीकडे मुलाने, मेलिसने, बांधलेलं नवं. घर बांधून होईपर्यंत मेलिसला मॉस्कोत टॅक्सी मिळाली, मग तिथलीच बायको मिळाली, आणि घर तसंच पडून राहिलं. दोन खोल्या, आत नळ, मागे जर्दाळूची पाच झाडं. आपा म्हणाल्या, "घ्या तुम्ही. पोरगी हिंडेल-फिरेल. जमीन राहू दे माझ्या नावावर, मी काही ती खांद्यावर टाकून पळून जात नाही."

सगळं ठरलं. ऑगस्टमधल्या एका शनिवारी सकाळी दहाला पोचायचं, भाडेपट्ट्याच्या चार पानांवर आपाची सही घ्यायची, लगेच तालुक्याला नोटरीकडे जायचं आणि मग जेवायला बसायचं. वेळापत्रक मी आखलेलं होतं. आपाने मात्र पहाटेच मेंढी कापली होती. आम्ही पोचलो तेव्हा मांस शिजून तयार होतं, सतरंजीवर सहा शेजारी म्हातारे-म्हाताऱ्या पाय दुमडून बसले होते, आणि मानाच्या पाहुण्याने कापायचं मेंढीचं डोकं साकेनची वाट बघत होतं. अशा वेळी कोण म्हणेल, थांबा, आधी नोटरी?

साकेनने डोक्याचा कान कापून रीतीप्रमाणे पोरीला दिला. सगळे जेवले. चहा झाला. मी म्हटलं, आता. तेवढ्यात बुरुल आपाने दोन्ही तळवे वर केले. सगळ्यांनी केले.

"या घरातली शेगडी विझू नये," आपा म्हणाल्या. "पाळणा थांबू नये. या पोरीची छाती डोंगराएवढी होवो. आजपासून ही माझी मुलं. जे माझं ते यांचं."

"आमीन," सगळे म्हणाले आणि चेहऱ्यावरून हात फिरवले. मीही फिरवला. फिरवतानाच कळलं की झालं, व्यवहार संपला. सहा माणसांदेखत देवाला साक्षी ठेवून दिलेला शब्द, आणि त्यावर मी म्हणायचं की आपा, इथे जरा सही करा, चारी पानांवर, तुमचा काही भरवसा नाही?

मी गप्प बसले असते तरी निभावलं असतं. पण तोगझान पिशवीत बाहुली शोधत होती आणि बाहुलीऐवजी फाईल बाहेर आली. भाकरीवरच पडली. पांढरी टोपी घातलेल्या कासिम नावाच्या म्हाताऱ्याने ती उचलली.

"हे काय ग, पोरी?"

"लसीकरणाचे कागद," मी म्हणाले. कुठून सुचलं देव जाणे.

"बघा!" म्हातारा बाकीच्यांना म्हणाला. "याला म्हणतात आई. आमच्या सुना मुलांचा जन्म-दाखला चुलीत घालतात. वाच बरं, कुठली कुठली लस दिलीस, सगळ्यांना कळू दे."

मी पहिलं पान उघडलं. त्यावर 'जमीनमालक' आणि 'पट्टेदार' असं ठळक अक्षरांत होतं. मी बोट ठेवून वाचायला लागले, "क्षयाची, जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी. काविळीची, पहिल्या महिन्यात. पोलिओची..." आपा माझ्या अगदी समोर बसून शांतपणे ऐकत होत्या. साकेनला चहाचा ठसका लागला तो थांबेना.

परतीच्या रस्त्यावर, सीमेचा नाका ओलांडल्यावर तो पहिल्यांदा बोलला. "पोलिओचा डोस एकोणपन्नास वर्षं मुदतीचा असतो हे मला माहीत नव्हतं."

घरी सासूबाईंनी दारातच विचारलं, "सही?"

"आशीर्वाद मिळाला."

"छान. आता तिची तब्येत सांभाळ."

आणि मी सांभाळायला लागले. कारण साधं होतं. आपाला काही झालं तर जमीन मेलिसकडे जाणार. मेलिसने मला कधी पाहिलं नव्हतं, आशीर्वादाला तो नव्हता, आणि तो मॉस्कोत राहून कागद वाचायला शिकलेला माणूस होता. म्हणून सप्टेंबरपासून रोज सकाळी, हवेचा आकडा बघून झाला की, मी बुरुल आपाला फोन करायची.

"आपा, रक्तदाब बघितला?"

"बघितला."

"किती आहे?"

"आहे पुरेसा."

"गोळी घेतली?"

"अर्धी घेतली. अर्धी कासिमला दिली, त्याचं डोकं दुखत होतं."

मी मिनीबसच्या ड्रायव्हरच्या हाती रक्तदाबाचं यंत्र पाठवलं. मग बोटाला लावायचा ऑक्सिजनचा चिमटा पाठवला. आठवड्याने अहवाल आला. "कासिमचा सत्त्याण्णव आला ग. माझा चौऱ्याण्णव. तो काही माझ्याहून धडधाकट नाही, नुसता बसून असतो म्हणून. बकरीला चिमटा लागत नाही, कानाला लावून पाहिला."

एकदा आपा म्हणाल्या, "पोटचा पोरगा महिन्यातून एकदा विचारतो. तू रोज विचारतेस. एवढी माया मी कुणाची पाहिली नाही."

मी "दूध उतू जातंय" म्हणून फोन ठेवला आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले. शेगडीवर काहीसुद्धा नव्हतं.

नोव्हेंबरात एका सकाळी आपाने स्वतःच्या फोनवर शेजारच्या मुलीकडून व्हिडिओ कॉल लावून घेतला. तोगझानला बकरीचं पिल्लू दाखवायचं होतं. पोरगी पिल्लू बघत होती. मी पिल्लामागचे पडदे बघत होते. लिंबाच्या रंगाचे, खाली पांढरी पट्टी. ते मी अल्माटीच्या बाजारात अर्धा दिवस घालवून निवडले होते. माझे पडदे. माझी खिडकी. आपा माझ्या घरात राहत होत्या.

साकेन विहिरींवर होता. मला सहावा महिना होता. मी सासूबाईंना म्हणाले, "तिने घर बळकावलं." सासूबाईंनी टोमणा मारला नाही, हेच मला जास्त लागलं. त्या नुसत्या म्हणाल्या, "पोरीचे गरम कपडे काढून ठेव, पहाटे निघायचंय," आणि गाडीची किल्ली घेतली.

उन्हाळ्यात डोंगरातल्या कारकाराच्या नाक्यावरून गेलं की दुपारच्या जेवणाला पोचता येतं. हिवाळ्यात तो नाका बंद असतो. मग कोर्दाई, बिश्केक, तिथून दरीतून वर आणि पुढे सरोवराचा सगळा उत्तर काठ. पहाटे निघालो. सासूबाई मोटार ट्रॉलीबससारखीच चालवतात. थांबा दिसला की त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर जातो, आणि थांब्यावरची माणसं आशेने पुढे येतात. बिश्केकपासून पुढे मी मनात एकच वाक्य घोळवत होते: आपा, मी तुम्हाला आईसारखं मानलं आणि तुम्ही हे काय केलंत? दहाएक प्रकारे म्हणून पाहिलं. शेवटी 'आईसारखं' काढून टाकलं, कारण तेवढं म्हणताना आवाज फाटत होता.

पोचलो तेव्हा अजून ऊन होतं. आपाच्या घराच्या दाराला साखळी. आमच्या धुराड्यातून धूर. दार उघडंच होतं.

आत ऊब होती. आमचा नवा पलंग दुकानातून आला तसाच, वरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. खुर्च्या भिंतीला उलट्या लावून ठेवलेल्या. स्वयंपाकघरात शेगडीसमोर जमिनीवर आपाची जुनी लोकरीची बैठक अंथरलेली, त्यावर उशी, उशीशेजारी चिमटा. आणि आपा हात पुसत माझ्याकडे येत होत्या.

"अगं, या दिवसांत एवढा प्रवास केलास? वेडी का काय!"

"आपा, तुम्ही इथे..." माझं वाक्य तिथेच संपलं.

"मग काय करू? यंदा कोळसा एकाच घरापुरता मिळाला. तुझ्या घरात नळ आहेत. थंडीत शेगडी पेटली नाही तर गोठून फुटतात. माझ्या घरात नळच नाहीत, फुटायचं काय?" मग सासूबाईंकडे वळून म्हणाल्या, "या, विहीणबाई. ही पोरगी रोज माझी तब्येत विचारते. तुम्ही वळण चांगलं लावलंत हो."

"मी नाही लावलं," सासूबाई म्हणाल्या. "ते तिचं तिलाच लागलं."

दोघी शेगडीजवळ बसल्या आणि जन्माच्या ओळखीच्या असल्यासारख्या बोलायला लागल्या. एकीने अठ्ठावीस वर्षं ट्रॉलीबस चालवलेली, दुसरीने चाळीस वर्षं घोड्यावरून गावोगाव टपाल वाटलेलं. रस्ते, बर्फ, साहेब आणि गुडघे हे विषय दोघींना सारखेच ठाऊक. मी पोरीला जर्दाळूचा मुरंबा भरवत कोपऱ्यात बसले होते. इतकी लहान मी पहिलीत असतानाही वाटले नव्हते.

शेवटी सासूबाई म्हणाल्या, "विहीणबाई, माझ्या सुनेला तुमच्याशी बोलायचंय. ऑगस्टपासून घशात अडकलंय तिच्या."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तोगझानसुद्धा.

"आपा," मी म्हणाले, "इथे वारं फार असतं का हो हिवाळ्यात?"

सासूबाईंनी डोळे मिटले.

"असतं," आपा म्हणाल्या. "लसीचे कागद आणलेस का?"

मी मुरंब्याची बशी खाली ठेवली.

"चाळीस वर्षं पत्रं वाटली ग मी. घोड्यावर बसून उलटी पाकिटं वाचायची सवय. तू बोट ठेवून क्षयाची लस वाचत होतीस, त्या बोटाखाली माझं नाव होतं."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"सहा शेजाऱ्यांसमोर तुला खोटी पाडू? माझ्या घरी जेवायला आलेल्या पोरीला?" आपाने माझ्या बशीत आणखी मुरंबा वाढला. "म्हटलं, लाज ओसरली की आणशील. आण इकडे."

मी पिशवीतून फाईल काढली. हो, आणली होती. आपाने चष्मा लावून चारी पानं वाचली, मग म्हणाल्या की सही आत्ता करते, पण नोटरी मानणार नाही, कारण त्यांच्या ओळखपत्राची मुदत गेल्या वर्षीच संपली. नवं काढायचं तर तालुक्याला जाऊन फोटो द्यायचा, मग पुन्हा जाऊन ते घेऊन यायचं.

इथे मी म्हणायला हवं होतं, आपा, उन्हाळ्यात बघू. माझ्या पोटात बाळ होतं, बाहेर बर्फ होतं, आणि समोर एक म्हातारी माझे नळ वाचवायला जमिनीवर झोपत होती. तीन शब्द. पण मी म्हणाले, "केव्हा जाल?"

विनातिकीट प्रवाशाकडे बघतात तसं सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं.

आपा जानेवारीच्या शेवटी गेल्या. कचेरीबाहेर रांगेत उभ्या राहिल्या आणि आल्यावर म्हणाल्या, "गर्दी होती, पण गप्पा झाल्या." दुसरी खेप फेब्रुवारीत. तेव्हा मला मुलगा होऊन नऊ दिवस झाले होते. मिनीबस आलीच नाही म्हणून आपा मोठ्या रस्त्यावर बर्फात दोन तास उभ्या होत्या, हे मला नंतर कळलं. फोनवर आधी बाळाचं सगळं विचारून झालं, मग म्हणाल्या, "ओळखपत्र आलं ग. फोटोत मी चोरासारखी दिसते." आणि खोकायला लागल्या. हा खोकला मला ओळखीचा नव्हता. खोल, ओला, शेवटी धाप.

"आपा, चिमटा लावा."

"लावला. शहाऐंशी म्हणतो. बॅटरी गेली असेल."

"बॅटरी गेली तर आकडाच येत नाही! आपा, आजच्या आज दवाखान्यात जा."

"ओरडू नकोस, दूध आटेल. सोमवारी नोटरी येतो, तेवढं उरकून जाते."

"नको ते नोटरीचं!" मी खरंच ओरडले. पण लाइन तुटली होती, आणि मी हे कुणाला म्हणाले ते मलाच माहीत.

त्याला आज चार दिवस झाले. फोन बंद आहे. मेलिसला मॉस्कोत गाठलं, तो म्हणाला, "आईचा फोन असाच असतो, चार्ज करायला विसरते." गावातल्या दुकानाचा नंबर होता, ते सगळं कुटुंब लग्नाला बिश्केकला गेलंय. व्हिडिओ लावून देणाऱ्या मुलीचा नंबर मी, एवढी सावध बाई, कधी मागूनच घेतला नाही. कासिम म्हाताऱ्याला फोनवर ऐकू येत नाही. सासूबाई काल निघाल्या होत्या. हिमवादळामुळे कोर्दाईचा घाट बंद, अडसरापाशी अर्धा दिवस थांबून परत आल्या. आल्या आल्या बूट न काढता विचारलं, "लागला का फोन?" बाळाला चाळीस दिवस घराबाहेर काढत नाहीत, आणि मी रीत मोडून काढायचं म्हटलं तरी रस्ता नाही.

साकेनने विहिरींवरून विचारलं, "तुला घराची काळजी आहे की आपाची?" मी म्हटलं, बाळाला पाजताना असले प्रश्न विचारू नकोस. पहिल्या दिवशी मला मेलिस आठवला होता, हे मी कबूल करते. दुसऱ्या दिवसापासून आठवला नाही, असंही नाही. पण मध्येच पाजता पाजता माझ्या डोळ्यांसमोर तो मोठा रस्ता येतो, आणि माझं 'केव्हा जाल?' ऐकू येतं, माझ्याच आवाजात, अगदी सभ्यपणे विचारलेलं.

म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्यापैकी कुणी सरोवराच्या उत्तर काठाने तुप नावाच्या गावाकडे जाणार असाल, किंवा त्या बाजूला तुमचं कुणी असेल, तर कारा-तेरेक गावात थांबा. पुलानंतर डावीकडे तिसरं फाटक, निळं, बिजागरी मोडकी. आत दोन घरं आहेत. उजवीकडचं त्यांचं, डावीकडचं आमचं, म्हणजे तेही त्यांचंच. आधी डावीकडे बघा. दार वाजवू नका, ढकला. वाजवलंत तर त्या उठून येतील. बुरुल आपा नाव. कागदाचं त्यांनी काढलं तर उन्हाळ्यात म्हणा, आणि गाडीत घालून त्यांना सरळ दवाखान्यात न्या, बकरीचं काय करायचं म्हणाल्या तरी ऐकू नका. निदान त्यांचा श्वास कसा चाललाय तेवढं बघा, आणि मला कळवा.